साधर्म्य, भेद आणि छपराची कैची

‘दाब’ या एका शब्दाने आम्हा दोघांना तीन आठवडे छळले. मराठीत विजेलाही दाब असतो आणि खांबालाही. वीजबिलावर आपण ‘लघुदाब’ ग्राहक असतो, गावाबाहेरून जाणारी वाहिनी ‘उच्चदाब’ असते. त्याच वाहिनीला इंग्रजी ‘हाय टेन्शन’ म्हणते. म्हणजे एकाच तारेकडे पाहून इंग्रजीला ओढले जाणे सुचले आणि मराठीला दाबले जाणे. घरगुती बोलण्यात यामुळे काही बिघडत नाही. पण स्थापत्यशास्त्रात ताण आणि दाब हे एकमेकांचे पक्के विरोधक आहेत. दोर ताण सोसतो, दाब सोसत नाही, आणि दगडाचे नेमके उलट असते. आमच्या पुढ्यात जे हस्तलिखित होते त्यात खांब आणि वीज एकाच वाक्यात नांदत होती. एके ठिकाणी तर ‘इथला दाब मोजला की तिथला दाब कळतो’ असे वाक्य होते. ते लेखकाच्या मते संपूर्ण बरोबर होते आणि आमच्या मते संपूर्ण अगम्य.

लेखक हे एक निवृत्त स्थापत्य अभियंते. पदविकेच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी त्यांनी पुस्तक लिहायला घेतले होते आणि भाषा तपासण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही दोघेही एका महाविद्यालयात मराठी शिकवतो; एक काव्यशास्त्र शिकवतो, दुसरा भाषाविज्ञान. स्थापत्याशी आमचा संबंध भाड्याच्या घराच्या गळक्या गच्चीपुरता. तरी पुस्तकाचे चौथे प्रकरण वाचताना आम्ही दोघेही थबकलो. त्यात खांब, तुळया आणि छपराच्या कैच्या यांची गणिते विजेच्या मंडलांच्या साहाय्याने सोडवली होती. उदाहरणादाखल नव्हे, शोभेसाठीही नव्हे. खरोखर सोडवली होती. विजेची मंडले तपासण्यासाठी लिहिलेल्या संगणक-प्रणालीत कैची घालायची आणि कोणत्या दांड्यावर किती बळ येते याचे उत्तर काढायचे.

यातले सर्वांत सोपे उदाहरण इथे देतो, कारण ते कळल्याखेरीज पुढचे बोलणे पोकळ ठरेल. तीन मीटर लांबीचा एक उभा लोखंडी दांडा आहे, वर आणि खाली दोन्हीकडे घट्ट बसवलेला. वरच्या टोकापासून एक मीटरवर त्याला ३० किलोन्यूटनचा, म्हणजे साधारण तीन टनांचा, भार लावला आहे. वरचा आधार किती भार घेईल आणि खालचा किती? दोघांनी मिळून ३० घ्यायचे एवढेच समतोलाच्या नियमाने कळते. वाटणी कळत नाही. वाटणी कळण्यासाठी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, की दांडा भारापाशी तुटलेला नाही, म्हणून वरचा तुकडा जेवढा लांबतो तेवढाच खालचा आखूड होतो. आता याच्या शेजारी विजेचे एक मंडल काढा. एका बिंदूत ३० अँपिअरचा प्रवाह सोडला आहे. तिथून जमिनीकडे जाण्याच्या दोन वाटा आहेत, एकीत एक ओहमचा रोध, दुसरीत दोन ओहमचा. शाळेत विज्ञान शिकलेला कोणीही सांगेल की पहिल्या वाटेने २० अँपिअर जातील, दुसरीने १०. दांड्याचे उत्तरही तेच: वरचा एक मीटरचा तुकडा २० किलोन्यूटन ताण घेतो, खालचा दोन मीटरचा तुकडा १० किलोन्यूटन दाब. ताण की दाब हेही मंडलातून वाचता येते. चित्रात वर जाणारा प्रवाह म्हणजे ताण, खाली जाणारा म्हणजे दाब. त्या बिंदूचे व्होल्टेज म्हणजे दांड्यावरील त्या बिंदूचे सरकणे. आणि जमीन, आपले वायरमन ज्याला अर्थिंग म्हणतात ते, म्हणजे न हलणारा आधार.

काव्यशास्त्र शिकवणाऱ्याला इथे सांग रूपक आठवले नाही तरच नवल. मुखाला चंद्र म्हणून थांबायचे नाही. डोळे, हास्य, केस, सगळ्यांची एकास एक सोय लावायची. ज्ञानेश्वरीची पाने अशा रूपकांनी भरलेली आहेत. इथेही तसेच आहे. सांध्यावरच्या बळांची बेरीज शून्य, हा समतोल. बिंदूत येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज शून्य, हा किरचॉफचा १८४५ चा नियम. दांडा जितका ओढावा तितका लांबतो, हे हूकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केले. जितके व्होल्टेज तितका प्रवाह, हे ओहमने १८२७ मध्ये. तुकडे एकमेकांपासून सुटत नाहीत या अटीला बंद वाटेवरच्या व्होल्टेजांचा नियम उभा राहतो. गंमत अशी, की विजेच्या नियमांवर ज्याचे नाव आहे त्याच किरचॉफने १८५० मध्ये पातळ पत्रे कसे वाकतात याचाही सिद्धान्त मांडला. उपमेय आणि उपमान एकाच घरात वाढलेली होती म्हणायची.

उपमेय कोणते आणि उपमान कोणते, हा प्रश्न मात्र वाटतो तेवढा सोपा नाही. एकोणिसाव्या शतकात वीज ही अनोळखी गोष्ट होती आणि चाके, स्प्रिंगा, वजने ही ओळखीची. म्हणून मॅक्सवेलने १८६५ च्या निबंधात विजेच्या वेटोळ्याचे वागणे जडत्वाच्या आधाराने समजावले: जड चाक जसे चटकन फिरू लागत नाही आणि चटकन थांबतही नाही, तसा वेटोळ्यातला प्रवाह. पुढे तार, टेलिफोन आणि रेडिओ यांच्यापायी मंडलांचे गणित इतके पुढे गेले की विसाव्या शतकात वारे उलटे फिरले. आता वीज ओळखीची झाली आणि लाउडस्पीकरचा पडदा, विमानाचा पंख, पुलाची तुळई या गोष्टी विजेच्या भाषेत समजावल्या जाऊ लागल्या. प्रसिद्ध उपमानालाच उपमेय करण्याला आपले आलंकारिक प्रतीप म्हणतात, आणि दोघांनी आळीपाळीने एकमेकांचे उपमान व्हावे त्याला उपमेयोपमा. वर्गात या अलंकाराची उदाहरणे देताना आमची नेहमी ओढाताण होते. पाठ्यपुस्तकातली दोन-तीन ठरलेली उदाहरणे सोडली तर हाती काही लागत नाही. इथे मात्र शास्त्राच्या इतिहासाने शे-दीडशे वर्षे घेऊन एक उपमेयोपमा रचून ठेवली आहे.

या इतिहासातला आम्हाला सर्वांत जवळचा वाटलेला माणूस म्हणजे मिशिगन विद्यापीठातला फ्लॉइड फायरस्टोन. त्याच्या आधीची रूढ पद्धत अशी होती की बळ म्हणजे व्होल्टेज आणि वेग म्हणजे प्रवाह. मनाला ती लगेच पटते; दोन्ही ‘ढकलणाऱ्या’ गोष्टी. पण या पद्धतीने मंडल काढले की चित्र उलटेपालटे होते. यंत्रात शेजारी शेजारी लावलेल्या दोन स्प्रिंगा मंडलात एकापुढे एक येतात, आणि एकापुढे एक असलेल्या शेजारी शेजारी. फायरस्टोनने १९३३ मध्ये सुचवले की जोड्याच बदलाव्यात: बळ म्हणजे प्रवाह, वेग म्हणजे व्होल्टेज. कारण बळ वस्तूच्या आरपार जाते, तर वेग दोन टोकांमध्ये मोजावा लागतो. प्रवाह आणि व्होल्टेज मोजताना हाच भेद पडतो. असे केले की यंत्राचे चित्र आणि मंडलाचे चित्र एकाच आकाराचे राहते. वर दिलेले दांड्याचे उदाहरण याच वळणाचे आहे, फक्त काहीच हलत नसल्यामुळे तिथे वेगाऐवजी सरकणे घेतले आहे.

ज्यांनी कधी कविता भाषांतरित केली असेल त्यांना हा वाद परका वाटणार नाही. एक भाषांतर शब्दाशी प्रामाणिक राहते आणि वाक्याची घडण मोडते; दुसरे घडण राखते आणि त्यासाठी शब्दाला अनपेक्षित प्रतिशब्द देते. दोन्ही भाषांतरांतून मूळ गणिताची उत्तरे बरोबरच येतात, म्हणून कोणते खरे असे विचारता येत नाही. कोणते कशासाठी, एवढेच विचारता येते. आमच्यापैकी भाषाविज्ञानवाल्याचे मत फायरस्टोनच्या बाजूने पडले, काव्यशास्त्रवाल्याचे जुन्या पद्धतीच्या. अभियंत्यांनी आमचा वाद ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘‘तुम्ही दोघे भांडा, माझी कैची फायरस्टोनवर उभी आहे.’’

कैचीपर्यंत येण्यास माणसांना बरीच वर्षे लागली. व्हॅनेवार बुशने १९३४ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात विजेच्या मंडलांनी बांधकामांचे विश्लेषण कसे करावे यावर निबंध लिहिला. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या गॅब्रिएल क्रॉनने १९४४ मध्ये लवचीक पदार्थांसाठी मंडले रचली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मॅककॅन, आणि त्याच्याबरोबर तरुण रिचर्ड मॅकनील, यांनी वेटोळी, कपॅसिटर, रोध आणि ट्रान्सफॉर्मर यांनी भरलेला एक मोठा संगणक वापरून विमानांचे पंख हवेत कसे फडफडतील हे तपासायला सुरुवात केली. पंख कुठेच नसे. पंखाच्या वस्तुमानाच्या जागी कपॅसिटर, लवचीकपणाच्या जागी वेटोळी, आणि पडद्यावर उमटणारी लाट. अशा यंत्राला ‘अ‍ॅनालॉग’ म्हणतात, आणि हा शब्दच मुळी सादृश्यवाचक आहे हे आमच्या पिढीने घड्याळे ‘डिजिटल’ झाल्यावर विसरून टाकले. मॅकनीलने १९६२ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि १९६३ मध्ये स्वतःची कंपनी काढली. पुढे अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी जी नॅस्ट्रान नावाची संगणक-प्रणाली तयार झाली तिच्या निर्मात्यांत ही कंपनी होती. त्या प्रणालीत वेटोळी नव्हती, फक्त आकडे होते. पण माणूस वेटोळ्यांतून आलेला होता.

विजेच्या बाजूलाही तेच घडत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत पेडरसन यांच्या हाताखाली लॉरेन्स नेगल याने लिहिलेली ‘स्पाइस’ ही प्रणाली १९७३ मध्ये जाहीर झाली आणि ती सर्वांना खुली ठेवली गेली. तिच्यात प्रत्येक बिंदूसाठी एक समीकरण मांडले जाते आणि सगळी समीकरणे एकदम सोडवली जातात. कैचीच्या प्रणालीतही प्रत्येक सांध्यासाठी हेच करतात. आमच्या अभियंत्यांनी जी वापरली ती स्पाइसचीच एक फुकट मिळणारी वंशज. बांधकामासाठी खास बनवलेल्या प्रणाली आज हव्या तेवढ्या मिळतात, मग हा उद्योग कशाला, असे आम्ही विचारलेच. त्यांचे उत्तर असे की ज्या वस्तूत लोखंड आणि वीज एकत्र आहेत, जसे मोबाइलमधला हालचाल ओळखणारा इवलासा तुकडा किंवा लाउडस्पीकर, तिथे दोघांना एकाच भाषेत आणावेच लागते. आणि दुसरे असे, की त्यांच्या ओळखीची बरीच मुले घरच्या वायरिंगच्या कामात हात काळे करून आलेली असतात. ‘भार’ हा शब्द त्यांना तुळईच्या आधी भारनियमनातून भेटलेला असतो.

आता जिथे हे रूपक मोडते तिथे यायला हवे. मम्मटाने उपमेची व्याख्या करताना साधर्म्याबरोबर भेदाची अट घातली आहे, ती आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. मॅक्सवेलनेही सादृश्याची व्याख्या करताना ते ‘आंशिक’ असते हे सांगून ठेवले आहे. विजेला दिशा कळत नाही, हा इथला भेद. तारेतला प्रवाह पुढे किंवा मागे जाईल, पण तार टेबलावर आडवी ठेवली की उभी धरली याने मंडलात काहीही बदलत नाही. कैचीत मात्र तिरपेपणा हाच तर सगळा मामला आहे. सांधा उजवीकडे सरकू शकतो आणि खालीही; एका व्होल्टेजने दोन्ही गोष्टी सांगता येत नाहीत. म्हणून प्रत्येक सांध्यासाठी मंडलात दोन बिंदू घ्यावे लागतात, एक आडव्या सरकण्यासाठी, एक उभ्या. पण मग तिरपा दांडा कोणत्या बिंदूला जोडायचा? आडवा तीन मीटर आणि उभा चार मीटर पसरलेला, म्हणजे पाच मीटर लांबीचा दांडा घ्या. त्याचे लांबणे म्हणजे टोकांमधल्या आडव्या सरकण्याचे ०.६ पट आणि उभ्या सरकण्याचे ०.८ पट यांची बेरीज. ही पट करण्यासाठी मंडलात ट्रान्सफॉर्मर घालावे लागतात. महावितरण ज्याला रोहित्र म्हणते तेच. मात्र इथे ते तत्त्वतः निर्दोष आणि स्थिर प्रवाहालाही चालणारे मानलेले. कैचीतला कोन असा वेढ्यांच्या प्रमाणात जाऊन बसतो. तुळई वाकते तेव्हा सरकणे आणि वळणे या दोन गोष्टी होतात; तिथे दोन मंडले काढून ती तुळईच्या तुकड्याच्या लांबीइतक्या प्रमाणाच्या ट्रान्सफॉर्मरनी बांधतात. आणि दांडा इतका वाकला की कोनच बदलला, तर ट्रान्सफॉर्मरचे वेढे चालू कामात बदलत राहावे लागतील.

रूपक मोडले म्हणून कोणी ते टाकून दिले नाही, आणि मोडलेच नाही असेही कोणी म्हटले नाही. जिथे भेद सापडला तिथे नेमका तेवढाच एक घटक जोडला. हे वाचून आमच्यातला काव्यशास्त्रवाला दोन दिवस गप्प होता.

दुसरा भेद जमिनीचा. फायरस्टोनच्या पद्धतीत वस्तुमान म्हणजे कपॅसिटर. कपॅसिटरला दोन टोके असतात आणि ती मंडलात कुठेही जोडता येतात. वस्तुमानाचे एक टोक मात्र कायम जमिनीलाच असते, कारण त्याचा वेग कशाच्या तरी सापेक्ष मोजायचा आणि ते ‘कशाच्या तरी’ म्हणजे स्थिर भूमी. आकाशात उडणाऱ्या विमानाचा पंखही या अर्थाने जमिनीला जोडलेला असतो. म्हणजे विजेच्या भाषेत एक शब्द आहे, दोन्ही टोके मोकळी असलेला कपॅसिटर, ज्याला यंत्रांच्या भाषेत प्रतिशब्द नाही. केंब्रिजच्या माल्कम स्मिथ यांनी ही उणीव पाहून तो प्रतिशब्द घडवला. दोन्ही टोकांच्या सापेक्ष प्रवेगाला विरोध करणारे, आत फिरते चाक असलेले, हातात मावेल असे एक उपकरण. नाव ‘इनर्टर’, प्रसिद्धी २००२. मॅक्लारेन संघाने ते गुपचूप आपल्या शर्यतीच्या गाडीत बसवले आणि २००५ ची स्पॅनिश ग्रां प्री ती गाडी जिंकली. शर्यतीतले आम्हाला काही कळत नाही. पण भाषांतर करताना लक्ष्यभाषेत शब्द नाही म्हणून तळटीप लिहिण्याऐवजी एखाद्याने ती वस्तूच बनवावी, हे आम्ही प्रथमच पाहिले.

उलट उदाहरणही आहे. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्या थरथरण्याचे मंडल काढले तर त्यात हजारो हेन्रींचे वेटोळे लिहावे लागते. असे वेटोळे खरोखर गुंडाळले तर ते मनगटावर सोडाच, टेबलावरही मावणार नाही. उपमान अस्तित्वात नसले तरी उत्तर बरोबर येते. अभूतोपमेची जुनी चर्चा ज्यांना आठवत असेल त्यांनी याचा विचार करावा.

हे सगळे वाचताना आम्हाला आमच्या धंद्याची आठवण होणे अपरिहार्य होते. आपली समीक्षा स्थापत्याच्या आणि विज्ञानाच्या शब्दांवर किती जगते! संरचना, घडण, तोल, ऊर्जा. मर्ढेकरांच्या लयतत्त्वांत समतोल आहे. अ‍ॅलन टेटने १९३८ मध्ये कवितेतल्या ‘टेन्शन’विषयी लिहिले, त्याने तो शब्द दोरीवरून घेतलाच नव्हता, तर्कशास्त्रातल्या ‘एक्स्टेन्शन’ आणि ‘इन्टेन्शन’ या दोन संज्ञांचे उपसर्ग कापून तयार केला होता. मराठीत त्याचा ‘ताण’ झाला आणि ती संज्ञा एकदम दोरीला जाऊन लटकली. आता विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ‘कवितेत ताण आहे’ असे लिहितात आणि आम्ही त्यांना गुण देतो. तो ताण कोणत्या दोन आधारांमध्ये आहे, तो कोण सोसते, आणि तो अमुक इतका वाढला तर काय तुटते, हे आम्ही विचारत नाही. अभियंत्यांनी आमच्या एका जुन्या लेखाच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते: ‘‘ही संरचना कशाने पडेल?’’ प्रश्न खोडसाळ नव्हता. त्यांच्या लेखी जी पडूच शकत नाही तिला संरचना म्हणण्यात अर्थ नव्हता.

यावर आमच्यात मतभेद आहेत आणि ते इथे मिटवण्याचा विचार नाही. एकाचे म्हणणे असे की समीक्षेतली रूपके मोजण्यासाठी नसतात, पाहायला शिकवण्यासाठी असतात. त्यांच्याकडून किलोन्यूटन मागणे अरसिकपणाचे आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की मोजमाप नको, पण भेद कुठे सुरू होतो हे सांगण्याची जबाबदारी रूपक वापरणाऱ्यावर आहे, आणि मराठी समीक्षेने ती फारशी घेतलेली नाही.

म्हणून या वर्षी आम्ही पदवीच्या शेवटच्या वर्षाला एलियटचा ‘परंपरा आणि व्यक्तिगत प्रज्ञा’ हा १९१९ चा निबंध शिकवताना, दोघांच्या दोन तुकड्यांना एकच काम दिले: कविमनाला प्लॅटिनमच्या तारेची उपमा दिली आहे, ती कुठे मोडते ते शोधा. बहुतेकांनी लिहिले की मन जिवंत असते आणि तार निर्जीव. आमच्याकडे विज्ञान शाखा सोडून आलेली एक मुलगी आहे. तिने वेगळेच शोधले. ऑक्सिजन आणि सल्फर डायऑक्साइड प्लॅटिनमच्या सान्निध्यात आणले की सल्फ्युरस आम्ल तयार होते, असे एलियट सांगतो. ते होत नाही. सल्फर ट्रायऑक्साइड होतो, आणि पाण्याशी संयोग झाल्यावर त्याचे सल्फ्युरिक आम्ल. सल्फ्युरस आम्लाला प्लॅटिनमची गरजच नसते, सल्फर डायऑक्साइड आणि पाणी पुरते. हे पूर्वीही अनेकांनी दाखवले आहे, पण तिने ते स्वतःच्या अकरावीच्या वहीवरून काढले होते. तिने उभे राहून विचारले, ‘‘सर, मग निबंध चुकला का?’’

तिच्या तुकडीत उत्तर मिळाले, नाही. तार न झिजता मागे राहते एवढाच धर्म त्याला हवा होता. दुसऱ्या तुकडीपर्यंत तो प्रश्न मधल्या सुट्टीत पोहोचला, आणि तिथे उत्तर मिळाले की आधी पाण्याचे काय झाले ते शोधू, कारण ज्या घटकाला एलियट विसरला तो कदाचित वाचक असेल.